आधी तुमची हजेरी घ्या

सोमवारी रात्री पाळी संपवून घरी आलो तर दारात आमच्या वस्तीतली एक पोरगी उभी. एस. वाय. बी. ए. ला आहे. नाव सांगत नाही. तिला अजून त्याच कॉलेजात बसायचं आहे. हातात एक छापील कागद. म्हणाली, "दादा, तू लिहितोस ना? मग एवढा अर्ज लिहून दे."

कॉलेजच्या बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली आहे. हजेरी 75 टक्के पाहिजे, हिची भरली 61. आता परीक्षेला बसायचं तर अर्ज करा, पालकांची सही आणा, प्राचार्यांसमोर उभे राहा आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून द्या. चोरी करताना सापडल्यासारखं. अर्जात 'गैरहजेरीचे कारण' असं छापून पुढे दोन ओळी टिंबं सोडली होती.

दोन ओळी!

गोदीत पोत्यांच्या थप्पीवर बसून मी कविता लिहिल्यात. विडीच्या कागदावर लिहिल्यात. पण त्या दोन ओळी काही केल्या भरेनात. हिची आई चार घरची धुणीभांडी करते. दिवाळीपासून आईची कंबर धरली. चारातली दोन घरं सुटली तर खोलीचं भाडं थकतं, म्हणून सकाळी सहा ते नऊ ती दोन घरं ही पोरगी करते. तिथून निघून, लोकलला लटकून कॉलेजात पोचेपर्यंत पहिले दोन तास गेलेले असतात. रोजचे दोन. ते साठत गेले आणि 61 झाले. हे सगळं टिंबांवर कसं बसवायचं? पोरगी हुशार. म्हणाली, "दादा, सगळे 'घरगुती कारणास्तव' लिहितात. तेच लिही ना."

माझं डोकं फिरलं. घरगुती? चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला आजारपणाची एक पगारी रजा नाही, हे घरगुती? कंबर धरली तर सरकारी दवाखान्यात लाईन लावायची आणि लाईन लावली तर रोज बुडतो, हे घरगुती? आई पडली तर तिची भांडी पोरीनेच घासायची, पिढ्यानपिढ्या, हे घरगुती? हे कारण तिच्या घरात जन्मलं नाही. बाहेर जन्मलं आणि आमच्या खोल्यांत आणून टाकलं. आमच्याकडून 'घरगुती' लिहून घेतलं की बाहेरचे सगळे सुटले!

अर्ज त्या रात्री कोरा ठेवला आणि हे लिहायला बसलो. ज्यांना दोन ओळी पुरतात त्यांनी इथेच थांबावं.

*

ही लिस्ट माझ्या ओळखीची आहे. तिच्यावर माझंही नाव होतं.

मॅट्रिक झालो, 55 टक्के पडले, अकरावी कॉमर्सला नाव घातलं. जुलैत कॉलेज सुरू झालं आणि सप्टेंबरात गोदीत बापाचा पाय लोखंडी प्लेटीखाली सापडला. बाप कंत्राटी. कंत्राटदाराने पहिल्या आठवड्यात पाचशे रुपये धाडले आणि दुसऱ्या आठवड्यात बापाच्या जागी माणूस शोधायला लागला. तो माणूस मी झालो. वय वाढवून सांगितलं. सांगणाराला कळत होतं, ऐकणारालाही कळत होतं. रात्रपाळी मिळाली.

सकाळी सहाला सुटायचो. सात-दहाला पहिला तास. पहिला महिना इमानदारीने गेलो. बाकावर बसलं की डोळा लागायचा. मॅडम म्हणायच्या, उभा राहा. मग उभ्याउभ्या डोळा लागायचा. मागची पोरं हसायची. अंगाला गोदीचा वास, नखांत काळं. हळूहळू जाणं कमी झालं. फेब्रुवारीत लिस्ट लागली: 'पालकांना घेऊन येणे.' बाप काठी घेऊन, प्लास्टरातला पाय ओढत, चार मजले चढला. केबिनमधल्या सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रजिस्टर उघडलं, माझ्या नावापुढच्या रेघोट्यांवरून पेन फिरवलं आणि म्हणाले, "तुम्हा लोकांना सगळं फुकट मिळतं, म्हणून किंमत नसते."

बाप एक शब्द बोलला नाही. चार मजले उतरून खाली आल्यावर म्हणाला, "चल. पाळीची वेळ झाली."

परीक्षेला बसू दिलं नाही. मी मॅट्रिकचा मॅट्रिकच राहिलो. आज त्याला दहा वर्षं झाली. गोदीत माझी हजेरी महिन्याला 26 पैकी 26 भरते. खाडा नाही. ज्या पोराला कॉलेजने 'अनियमित' म्हणून बाहेर काढलं त्याच्याच भरवशावर मुकादम टोळी लावतो. मग बिघाड पोरात होता की त्या सात-दहाच्या घड्याळात? हा प्रश्न त्या केबिनमध्ये कोणी विचारला नाही. आज मी विचारतो.

*

आधी त्या 'फुकट'चा हिशोब करू. आम्हाला हिशोब येतो. पोती मोजूनच जगतो.

1944 साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा अस्पृश्यांच्या पोरांना मॅट्रिकच्या पुढे शिकायला शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आजवर चालत आली. फी सरकार भरतं, हे खरं. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे, तेही ठीक. आता खर्चाला किती? 2021 मध्ये केंद्राने जे दर ठरवले त्यात घरून कॉलेजला जाणाऱ्या अकरावी-बारावीच्या पोराला निर्वाह भत्ता वर्षाला 2,500 रुपये. साध्या बी. ए., बी. कॉम. ला 3,000. महिन्याला नव्हे, वर्षाला! 3,000 ला 365 ने भागा. दिवसाला सव्वाआठ रुपये. मुंबईत सव्वाआठ रुपयांत फार तर अर्धा वडापाव येतो. त्यात लोकलचा पास, वह्या, झेरॉक्स, मोबाईलचा रिचार्ज आणि दुपारचं जेवण. आणि हे पैसे हातात पडेपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं. ऑनलाईन अर्ज अडकतो, जातीचा दाखला पुन्हा अपलोड करा, आधार जुळत नाही, कॉलेजच्या क्लार्कने पुढे ढकललाच नाही. मधल्या महिन्यांत पोरगं काय खाणार, ते विचारायचं नाही.

म्हणून पोरगं कामाला जातं. लग्नाच्या हॉलमध्ये कॅटरिंगला जातं, मोटारसायकलवर पार्सलं पोचवतं, मॉलच्या दारात वॉचमन म्हणून रात्र काढतं. मग सकाळचा तास चुकतो. हजेरी कमी भरली की शिष्यवृत्तीही अडकते. पैसे नाहीत म्हणून कामाला जा. कामाला गेलास म्हणून हजेरी नाही. हजेरी नाही म्हणून पैसे नाहीत. घाण्याच्या बैलाला तरी संध्याकाळी सोडतात.

आणि दुसरीकडे बघा. याच मुंबईत, पुण्यात, 'इंटिग्रेटेड' नावाचा धंदा चालतो. पोरगं अकरावीला नाव घालतं एका ज्युनिअर कॉलेजात आणि दोन वर्षं बसतं कोचिंग क्लासच्या एसी खोलीत. फी लाखांत. कॉलेजशी क्लासचं साटंलोटं. हजेरीची चिंता नाही. प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं. हे इतकं माजलं की 2018 साली सरकारला विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. म्हणजे सरकारनेच कबूल केलं की वर्ग रिकामे आहेत आणि ते मजुरांच्या पोरांनी रिकामे केलेले नाहीत. आदेश निघाला. धंदा बंद पडला का? क्लासच्या जाहिराती रस्त्यारस्त्यावर टांगल्यात, वाचून घ्या.

त्या पोरांच्या बापांना कोणी चार मजले चढायला लावलं? त्यांच्या गैरहजेरीला 'करिअर' म्हणतात. आमच्या गैरहजेरीला 'डिफॉल्ट'. डिफॉल्टर म्हणजे बुडव्या, कर्जबुडव्या! सावकाराच्या वहीतला शब्द उचलून त्यांनी आमच्या पोरांच्या नावापुढे लावला. आम्ही कोणाचं काय बुडवलं?

*

आता कॉलेजचीच हजेरी घेऊ.

2003 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या शिक्षणाचे नियम काढले. त्यात विद्यार्थ्याची हजेरी साधारणपणे 75 टक्क्यांच्या खाली नसावी, असं होतं. ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच नियमांत आणखी एक गोष्ट होती. वर्षात प्रत्यक्ष शिकवण्याचे दिवस 180 च्या खाली जाता कामा नयेत. एकाच कागदावर दोन अटी. एक पोरासाठी, एक संस्थेसाठी. नियम पुढे बदलत गेले. 75 चा आकडा भिंतीवरून हलला नाही. 180 चा आकडा तुम्ही कधी कुठल्या बोर्डावर पाहिलात? 'आमच्या कॉलेजात या वर्षी इतके दिवस शिकवणं कमी झालं, सबब प्राचार्यांनी पालकांना घेऊन यावे' अशी नोटीस लागली कधी?

महाराष्ट्रातल्या अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या आहेत. त्या जागी तासिका तत्त्वावर माणसं. नेट-सेट झालेला, पीएच. डी. झालेला माणूस तासाच्या भावाने शिकवतो, दोन-तीन कॉलेजांत पळतो, त्याचं मानधन महिनोन्‌महिने थकतं. मी कंत्राटी, माझा बाप कंत्राटी, आणि आता वर्गात फळ्यासमोर उभा असलेला मास्तरही कंत्राटी! जिथे तासिकावालाही नाही तिथे तासच नाही. पोरं येतात, रिकाम्या खोलीत बसतात, पंखा बघतात आणि जातात. ती रिकामी खुर्ची ही सरकारची गैरहजेरी आहे. तिची लिस्ट कोण लावणार?

इथे मला माझा आजा आठवतो.

आजा मुंबईच्या गोदीत डॉक लेबर बोर्डाचा नोंदलेला कामगार होता. 1948 चा गोदी कामगारांचा कायदा, त्याखाली 1956 साली झालेली मुंबईची योजना. त्याआधी गोदीत काय होतं? पहाटे गेटवर माणसांचा बाजार. तोळीवाला बोट दाखवेल तो आत, उरलेले घरी. बोर्ड आलं आणि नोंद आली, पाळी आली. आणि एक गोष्ट आली जी ऐकून आजची पोरं हसतात. नोंदलेला कामगार हजर झाला आणि बोर्डाकडे त्या दिवशी काम नसलं, तरी त्याला हजेरीचा भत्ता. आणि त्याला कामावर बोलावलं, तो आला, आणि त्याचा काही दोष नसताना काम सुरूच झालं नाही, तर त्याचे वेगळे पैसे. त्या पैशांचं नाव डिसअपॉइंटमेंट मनी. निराशेचे पैसे!

कायद्याच्या भाषेत एवढा खरा शब्द मी दुसरीकडे वाचला नाही. त्या कायद्याला कळलं होतं की हजेरीला दोन टोकं असतात. मजूर आला, आता काम देणं ही तुझी जबाबदारी. नाही दिलंस तर त्याची निराशा झाली, भर पैसे. हे कोणी प्रेमाने दिलं नाही. कामगारांनी लढून घेतलं. 1994 मध्ये ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं; कंटेनर न्हावा-शेव्याला गेले; आजाच्या पाठीमागे बाप लागला तो कंत्राटावर, बापाच्या मागे मी. आम्हाला हजेरीचा भत्ता नाही, निराशेचे पैसेही नाहीत. निराशा तेवढी नियमित मिळते.

मग मी विचारतो, जे गोदीत मजुराला मिळालं ते कॉलेजात मजुराच्या पोराला का नाही? पोरगी दोन घरची भांडी घासून, लोकलला लटकून वर्गात पोचली आणि तास झालाच नाही. तिच्या निराशेचे पैसे कोण देणार? पैसे सोडा. निदान तो तास तिच्या हजेरीत तरी धरा!

*

कोणी म्हणेल, हा शिकायचं सोडून सबबी सांगतोय. बाबासाहेबांचं नाव घेता आणि वर्गात जात नाही? तर मग बाबासाहेबांचं आणि त्यांच्या आधीच्यांचंच काढू.

1855 साली जोतिबा-सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात रात्रीची शाळा काढली. कोणासाठी? दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांसाठी. दिवसाच्या शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी लिस्ट लावली नाही. शाळा रात्री केली. 1882 मध्ये हंटर कमिशनसमोर जोतिबांनी निवेदन दिलं. त्यात गरिबांची पोरं शाळेत का येत नाहीत याचं कारण स्वच्छ सांगितलं: कमालीचं दारिद्र्य, आणि घरची गुरं व शेत राखायला पोरंच लागतात. उपायही सांगितला: शाळा वाढवा, शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या. सुमारे दीडशे वर्षं होत आली या उत्तराला! गुरांच्या जागी भांडी आली, शेताच्या जागी पार्सलची बॅग आली. कारण तेच आहे. आणि आमचे विद्वान प्राचार्य अजून 'विद्यार्थी वर्गात का येत नाहीत' यावर चर्चासत्रं भरवतात. चहा-बिस्किटासह.

शाहू महाराजांचं नाव घेऊन मला गप्प करणारेही भेटतात. म्हणतात, महाराजांनी 1917 ला सक्तीचा कायदा केला, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. लावला. पण आधी काय केलं ते सांगा की! प्राथमिक शिक्षण फुकट केलं. 1901 पासून कोल्हापुरात जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली, अस्पृश्यांच्या पोरांसाठीही केलं. आधी जेवण, छप्पर, शाळा, मग सक्ती. तुम्ही महाराजांचा दंड तेवढा उचलला आणि वसतिगृह विसरलात.

1946 च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तास सकाळचे ठेवले. नोकरी करणाऱ्या पोराने सकाळी शिकावं आणि तिथून कामावर जावं म्हणून. बाबासाहेब परळच्या चाळीत राहिलेले. मजुराचा दिवस कसा कापला जातो ते त्यांना माहीत होतं. 1947 साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका'वर. खडी फोड, शेतात राब, पण शीक. तिथे पोराचे घट्टे ही लाज नव्हती.

चार माणसं, चार वेगळे काळ. चौघांसमोर तोच प्रश्न होता, पोरं येत नाहीत. चौघांनीही शाळेचं घड्याळ पोराच्या जगण्याला लावून घेतलं. तुम्ही पोराचं जगणं घड्याळाला लावायला निघालात आणि ते बसत नाही म्हणून पोरगंच फेकून दिलंत. जयंतीला या चौघांच्या तसबिरींना हार घालता. हार घालण्याआधी त्यांचं टाइमटेबल वाचा.

आणि वर्गात येऊन तरी काय मिळतं? लहानपणी भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. शाळेच्या लेखी तो हजर होता! पोरं होती, मास्तर होते, नळ होता. शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. अशा हजेरीची टक्केवारी शंभर भरली तरी काय? आज गोणपाट नाही. आज वर्गात क्लार्क येतो आणि ओरडतो, "स्कॉलरशिपवाले उभे राहा!" सत्तरातली बारा पोरं उभी राहतात. बाकीचे मोजतात. त्या दिवसानंतर त्या बारातली दोन-तीन वर्गात यायची कमी होतात. ती का गळली, हे कुठल्या रकान्यात लिहिता?

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाला शिकायचं होतं, लिहायचं होतं. त्याची फेलोशिप महिनोन्‌महिने अडकली. त्याला आणि त्याच्या चार मित्रांना वसतिगृहातून बाहेर काढलं. 17 जानेवारी 2016 ला तो गेला. ज्याला यायचं होतं त्याला बाहेर ठेवणाऱ्यांची हजेरी कोणी घेतली?

*

आता आपल्याच पोरांना चार शब्द. राग आला तर येऊ दे.

आपल्यात जेवढी पोरं भांडी घासून, पोती उचलून तास बुडवतात, तेवढीच कट्ट्यावर बसून बुडवतात. फ्लेक्सवर गॉगल लावलेला फोटो, खाली 'युवा नेते'. कॉलेजात जाऊन तीन वर्षं झाली, लायब्ररीचं कार्ड काढलेलं नाही. 14 एप्रिलला सलग 18 तास अभ्यास करायचा, फोटो टाकायचा. 15 एप्रिलपासून पुस्तकाला हात नाही. बाबासाहेबांचे 18 तास रोजचे होते, दोस्तांनो! तुम्ही बुडवलेला प्रत्येक तास त्या सरांच्या तोंडात जाऊन बसतो, 'फुकट मिळतं म्हणून किंमत नाही.' तुमच्या मस्तीची शिक्षा या अर्ज घेऊन आलेल्या पोरीला होते. ज्याला वेळ आहे, दोन वेळचं जेवण आहे आणि तरी तो वर्गात जात नाही, त्याच्यासाठी मी ही लेखणी झिजवत नाही.

आणि दुसरे आपलेच. राखीव जागेवर प्राध्यापक झालेले, आता फ्लॅटवाले, गाडीवाले. डिफॉल्टर लिस्टवर सही करणारांत तुम्हीही असता. त्या लिस्टवर आपल्या वस्तीतली आडनावं दिसतात तेव्हा पेन थांबत नाही? "नियम म्हणजे नियम" म्हणता. तुमच्यासाठी कोणीतरी कधीतरी नियमाच्या बाहेर एक तास जास्त थांबलं असेल. आठवून बघा. आठवत नसेल तर आईला विचारा.

*

नुसतं बोंबलून थांबायचं नाही. मागण्या लिहून देतो.

एक. लिस्ट लावण्याआधी प्रत्येक पोराला बोलावून विचारा: किती वाजता उठतोस, काय काम करतोस, किती लांबून येतोस. चारचौघांत नको, बाजूला बसवून विचारा. मग ठरवा कोण उनाड आणि कोण मजूर.

दोन. पोराच्या हजेरीशेजारी त्याच बोर्डावर कॉलेजची हजेरी लावा: तास किती ठरले, किती झाले, कुठल्या विषयाला मास्तर नाही.

तीन. काम करणाऱ्या पोरांसाठी सकाळची किंवा रात्रीची तुकडी काढा. चुकलेल्या तासांसाठी रविवारचे वर्ग घ्या आणि ते हजेरीत धरा.

चार. शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला हातात द्या. निर्वाह भत्ता म्हणायचं तर त्यात निर्वाह झाला पाहिजे. कॉलेजचा अर्ज किंवा सरकारची साईट अडकली म्हणून एकाही पोराला परीक्षेपासून रोखू नका.

पाच. वर्गात 'स्कॉलरशिपवाले' म्हणून कोणालाही उभं करायचं नाही. केलं तर आम्ही उभे राहू, आणि मग बसणार नाही.

आणि आपलं काम. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. प्रत्येक वस्तीतल्या दोन पोरांनी आपापल्या अनुदानित कॉलेजात अर्ज टाकायचा: गेल्या वर्षी वेळापत्रकाप्रमाणे तास किती, प्रत्यक्ष झाले किती, मंजूर जागा किती, रिकाम्या किती. उत्तर आलं की त्याचं पोस्टर करायचं आणि त्यांच्या लिस्टच्या शेजारी चिकटवायचं. दुसरं, वस्तीत एक वही ठेवायची. कोणाची हजेरी कमी पडतेय ते फेब्रुवारीत बोर्डावर कळून उपयोग नाही, ऑगस्टमध्ये आपल्याला कळलं पाहिजे. कोणाची आई आजारी, कोणाची पाळी रात्रीची, कोणाच्या नोट्स कोणी लिहायच्या. माझ्या वेळी अशी वही असती तर कोणीतरी माझ्या दोन रात्री गोदीत काढल्या असत्या. टोळीत आम्ही एकमेकांची पोती उचलतोच की.

पोरीचा अर्ज काल लिहून दिला. टिंबांच्या दोन ओळींवर लिहिलं, 'कारण सोबतच्या पानांवर आहे.' आणि ही पानं जोडली. तिच्या आईने अंगठा नाही लावला. साक्षरता वर्गात शिकली होती तशी, अक्षर अक्षर जुळवत सही केली. पाच मिनिटं लागली. आम्ही कोणी घाई केली नाही.

येत्या सोमवारी सकाळी दहाला ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाणार आहे. मी पाळीला खाडा करून जाणार. दहा वर्षांतला पहिला. रोज बुडेल, मुकादम शिव्या देईल. माझा बापही येतो म्हणाला, काठी घेऊन. तुम्हीही या. कॉलेजच्या गेटवर नावं विचारली तर सांगा, हजेरी द्यायला आलोय. आणि घ्यायलाही.

जय भीम.